दोन ते चार शांतता

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावं, याबद्दल हेडक्लार्कवर निरोप समारंभात सल्ल्यांचा पाऊस पडला होता. कुणी बागकाम सांगितलं, कुणी वाचन सांगितलं, एकाने तर पोहायला शिका म्हणून सांगितलं. (या गृहस्थाची रजा हेडक्लार्कनी एकदा अडवून धरली होती, तेव्हा सल्ल्यामागचा हेतू शुद्ध असेलच असं नाही.) हेडक्लार्कनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मनाशी एक साधासा निर्णय घेतला. दुपारी जेवायचं आणि स्वतःच्या पलंगावर, पाय लांब करून, झोपायचं.

यात अवघड काय आहे, असं तुम्हाला वाटेल. त्यांनाही तसंच वाटलं. ऑफिसात त्यांनी आयुष्यभर दुपारी फायलीवर हनुवटी टेकून झोप काढली होती. आजूबाजूला फोन किंचाळत, लोक भांडत, शिपाई कपाटं आपटत, पण साहेबांची तंद्री भंगत नसे. असा मुरलेला माणूस पलंगावर झोपू शकणार नाही, हे कुणालाही खरं वाटलं नसतं.

पहिल्याच दुपारी डोळा लागतो न लागतो तोच वरच्या मजल्यावरून ट्रम्पेट वाजलं. वर दातांचे डॉक्टर राहत. त्यांचा दवाखाना दोन ते चार बंद असे. सकाळभर दुसऱ्यांची तोंडं उघडून बसलेला हा माणूस दुपारी स्वतःच्या तोंडाला काम देत असे. एकच धून होती. चौथ्या सुरापर्यंत ठीक यायची आणि पाचव्याला डॉक्टरांची फुंकर दगा द्यायची. की पुन्हा पहिल्यापासून. खरं म्हणजे चार सुरांनी कुणाची झोप मोडत नाही, पण हेडक्लार्क पाचव्याची वाट बघत टक्क जागे राहायचे. त्यात तळमजल्यावरचे काका रोज खिळे ठोकत. इतके खिळे खाल्ल्यावर त्या घराला भिंती कशा उरल्या, हे एक कोडंच होतं.

तिसराही एक आवाज होता. त्यांची बायको दुपारी गॅलरीत उभी राहून, अंगणापलीकडच्या इमारतीतल्या आपल्या थोरल्या बहिणीशी गप्पा मारत असे. म्हणजे ओरडतच असे. पण तो आवाज हेडक्लार्कच्या कानांनी कधीच सोडून दिला होता. डोक्यावरचा पंखा आवाज करतो हे जसं पंखा बंद पडेपर्यंत कळत नाही, तसं. घरचा आवाज कुणी आवाजात धरत नाही.

हेडक्लार्क आठवडाभर तळमळले आणि मग त्यांनी, जे त्यांना आयुष्यात सगळ्यांत चांगलं येत होतं, ते केलं. नियम तयार केला.

दुपारी दोन ते चार कॉलनीत शांतता. कलम एक, वाद्य वाजवू नये. कलम दोन, ठोकाठोकी करू नये. कलम तीन, सामान ओढू नये. कलम चार, हॉर्न वाजवू नये. एवढ्यावर थांबले असते तर पुढचं रामायण टळलं असतं. पण चार कलमांचा नियम त्यांना उघडाबोडका वाटला. ऑफिसात चार कलमांचं परिपत्रक कुणी वाचतसुद्धा नसे. तेव्हा पेन कानात फिरवत त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सुचलं ते लिहून टाकलं. कलम पाच, गॅलरीतून मोठ्याने बोलू नये. मग अनुभवी माणसाच्या हातून आपोआप सहावंही उतरलं. आवाज कुणीही करो, ज्याच्या कृतीमुळे तो करावा लागला तोच दोषी. जबाबदारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी सरकते हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं, त्यामुळे ही पळवाट बुजवल्याचा त्यांना फार अभिमान वाटला. शिक्षा एकच. दोषी माणसाचं नाव फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचं.

कॉलनीच्या अध्यक्षबाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सभेत त्यांनी ओठांवर बोट ठेवताच दाढीमिशा पिकलेली माणसंसुद्धा हाताची घडी घालून बसत. त्यांना नियम भलताच आवडला. विरोध एकट्या दातांच्या डॉक्टरांनी केला.

"अहो, मग मी वाजवू कधी?"

"चार ते दोन," हेडक्लार्क म्हणाले.

सभा हसली आणि नियम मंजूर झाला.

हेडक्लार्क तरंगतच घरी आले. बायको ताटं पुसत होती. त्यांनी तिच्यासमोर उभं राहून कलमं वाचून दाखवली. पाचव्या कलमाला ताटावरचा तिचा हात थांबला.

"हे पाचवं कुणी घातलं?"

"मी."

"मुद्दाम?"

"छे गं! मुद्दाम कशाला? कलमं कमी पडत होती."

"बरं," बायको म्हणाली आणि पुसलेलंच ताट तिने पुन्हा पुसलं.

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला 'बरं' या शब्दाची भीती वाटायला हवी. पण हेडक्लार्क विजयाच्या धुंदीत होते.

धुंदी उतरली ती दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, अगदी यांच्या समोर, ताई वॉकर टेकत गॅलरीत आल्या आणि त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. बायको गॅलरीत गेली. तिने आधी ओठांवर बोट ठेवलं, मग खाली फळ्याकडे दाखवलं. ताईंनी हात तसाच वर ठेवला होता. थोड्या वेळाने तो खाली आला आणि त्या खुर्चीवर बसून राहिल्या.

तेव्हा कुठे हेडक्लार्कच्या डोक्यात उजेड पडला. ताईंचा खुबा मोडल्यापासून त्यांना जिना उतरता येत नव्हता आणि लिफ्ट दोन्ही इमारतींना नव्हती. बायकोचे गुडघे असे, की तीन मजले उतरून तीन चढायचे म्हणजे तिला आठवड्याची तयारी लागे. ती फक्त रविवारी जायची. बाकीचे दिवस ताईंचा डबा हेडक्लार्क नेऊन देत, पण ते डबा ठेवत, 'येतो' म्हणत आणि निघत. ताई एकट्याच राहत. सकाळ मालिश करणारी बाई येऊन जाण्यात संपायची, संध्याकाळी अंगणात पोरांचा दंगा असायचा. दुपारी अंगण तेवढं रिकामं असायचं, तेव्हाच काय तो आवाज या गॅलरीतून त्या गॅलरीत पोचायचा. दिवसभरात ताई माणसांत यायच्या त्या एवढ्याच वेळात. आणि नेमका तोच वेळ त्यांच्या मेहुण्याने कलमं कमी पडली म्हणून घेऊन टाकला होता.

"अगं, फोन करा ना एकमेकींना," हेडक्लार्क त्या संध्याकाळी म्हणाले.

"तिचं कानातलं मशीन फोन लावला की शिट्ट्या मारतं. तोंड दिसलं तरच तिला कळतं."

"मग व्हिडिओ कॉल!"

व्हिडिओ कॉल झाला. म्हणजे पडद्यावर ताईंचा कान दिसला. "ताई, कानाला लावू नकोस, समोर धर," असं बायको सांगत राहिली आणि ताई ते ऐकू यावं म्हणून फोन आणखी कानात खुपसत राहिल्या. आकडसासूबाईंच्या कानाचं इतक्या जवळून दर्शन झालेले हेडक्लार्क हे बहुधा पहिलेच जावई असतील.

नियम मागे घ्यावा असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण काल टाळ्या घेतलेला नियम आज मागे घ्यायचा म्हणजे भर सभेत आपलंच नाक कापून हातात घ्यायचं. शिवाय वरचे डॉक्टर काय म्हणाले असते!

बायको भांडली नाही, हेच वाईट झालं. भांडली असती तर सोय होती. तिने नियम पाळायला घेतला. आणि असा पाळला की गॅलरीच काय, घरातसुद्धा दोन ते चार ती अवाक्षर बोलेना. पहिल्याच दिवशी हेडक्लार्कचा चष्मा हरवला. एरवी ते "अगं माझा—" एवढंच म्हणायचे आणि स्वयंपाकघरातून वस्तूचा पत्ता यायचा. आता त्यांनी पलंगाखाली पाहिलं, फ्रिजमध्ये पाहिलं, डस्टबिनमध्येही हात घालून झाला. बायको शेजारी बसून शांतपणे शेंगा सोलत होती. घड्याळात चार वाजले.

"कपाळावर आहे," ती म्हणाली.

झोप तर नावालाही येईना. डॉक्टर मुके झाले होते, काकांच्या भिंतींनी सुटकेचा निःश्वास टाकला होता, आणि हेडक्लार्क पलंगावर पडून नळाचा थेंब मोजत होते. एवढी शांतता त्यांच्या कानांना सोसेना. पंखा बंद पडला होता ना!

एकदा डबा द्यायला गेले असता ताईंनी त्यांचा हात धरला.

"भावोजी, ती रागावली नाही ना माझ्यावर?"

"नाही हो ताई! तुमच्यावर कशाला?"

"दोन वाजले की अजून मी खुर्ची ओढत गॅलरीत नेते बघा. सवय. मग तिथे बसल्यावर आठवतं, की आता बोलायचं नाहीये."

हेडक्लार्कना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं. त्या दिवशी ते 'येतो' म्हणायचंसुद्धा विसरले.

आता या दोघी बहिणी गप्प बसणाऱ्यांतल्या असत्या तर गोष्ट इथेच संपली असती. पण रविवारी बायको गुडघ्यांना पट्टे बांधून ताईंकडे गेली आणि दोघींनी मिळून एक युक्ती काढली. कपडे वाळत घालायला तर कुठल्याच कलमाची आडकाठी नव्हती! हिरवी चादर दोरीवर दिसली की 'सगळं ठीक'. उशीचा अभ्रा म्हणजे 'जरा पडते'. हेडक्लार्कचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा सरळ टांगला की 'हे घरात आहेत', आणि उलटा टांगला की 'हे घरात आहेत आणि तोंड पाडून बसलेत'. तिकडून ताई मोजे, रुमाल आणि टॉवेलांनी उत्तरं देत. शिवाय एक खूण अशी ठरली, की ती वापरायची वेळ येऊ नये. दोरीवरून सगळं काढून एकटं लाल कापड लावलं, तर समजायचं की घात झालाय, मदत बोलाव. इकडे ते काम लाल टेबलक्लॉथकडे होतं, तिकडे लाल ब्लँकेटकडे.

हे तुम्हाला-मला कळलं. हेडक्लार्कना कोण सांगणार? बायको रोज दोन वाजता वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालते, एवढंच त्यांना दिसत होतं. हिला विस्मरणाचा आजार तर होत नाहीये ना, या काळजीने ते आणखीच हवालदिल झाले. आणि अशा काळजीत पडलेला नवरा करतो तेच त्यांनी केलं. बायकोला मदत करायचं ठरवलं.

त्या दुपारी बायकोचे गुडघे फार ठणकत होते. तिने दोरीवर हिरवी चादर आणि अभ्रा लावला, गोळी घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन गाढ झोपली. हेडक्लार्क चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात शिरले. ती उठेल तेव्हा हातात आयता चहा द्यायचा, म्हणजे गेल्या कित्येक दिवसांत न ऐकलेलं एखादं लांबलचक वाक्य ऐकायला मिळेल, असा त्यांचा बेत होता.

चहा छान झाला. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी कपबशा न घेता पातेलंच उचललं, आणि आवाज होऊ नये म्हणूनच चटका बसल्यावर ओरडण्याऐवजी ते सोडून दिलं. सगळा चहा जेवणाच्या टेबलावरच्या लाल टेबलक्लॉथवर गेला. तो ताईंनी बायकोला भेट दिलेला होता. आपली आता काही धडगत नाही, हे हेडक्लार्कनी ओळखलं. पुरावा नष्ट करणं भाग होतं.

न्हाणीघरात नळाची बारीक धार सोडून त्यांनी टेबलक्लॉथ धुतला. आयुष्यात पहिल्यांदाच कपडा धुणारा माणूस साबण किती घालतो, ते विचारू नका. टेबलक्लॉथ स्वच्छ झाला आणि ते स्वतः गळ्यापर्यंत फेसात गेले. मग ते गॅलरीत आले. दोरीवर जागा नव्हती. चादर आणि अभ्रा तर कोरडे ठणठणीत होते! "बिचारी, काढायचे विसरली," असं पुटपुटत त्यांनी चादरीमागूनच हात वर करून दोन्ही कपडे ओढून घेतले, खाली वाकून टेबलक्लॉथ पिळला, ओणव्यानेच तो दोरीवर फेकला आणि अंगावरचा साबण काढायला न्हाणीघरात निघून गेले.

समोर ताई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं ते इतकंच, की चादरीमागून आलेल्या दोन हातांनी 'सगळं ठीक' काढून घेतलं आणि त्या जागी लाल फडकलं.

ताईंनी आधी हाक मारली. उत्तर आलं नाही. मग त्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडचा माणूस काय विचारतोय हे त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी तीनदा पत्ता सांगितला, "लवकर या होऽ!" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. आग आहे की अपघात, की दोन्ही, हे पलीकडे कुणाला कळलं नाही, त्यामुळे त्यांनी बंब आणि अँब्युलन्स दोन्ही पाठवले. तोवर ताई वॉकर उचलून गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर आपटत होत्या. (कलम दोन.) "माझ्या बहिणीला कुणीतरी बघाऽ!" (कलम पाच.) वॉचमन आधी ओठांवर बोट ठेवून धावला आणि मग ऐकून शिट्टी फुंकत धावला.

वरच्या गॅलरीतून दातांच्या डॉक्टरांनी वाकून पाहिलं. त्यांना क्षणात कर्तव्याची जाणीव झाली. कॉलनीला जागं करायला हवं होतं आणि ते करण्याचं साधन कॉलनीत एकट्या त्यांच्यापाशी होतं. त्यांनी कोंडून ठेवलेला सगळा श्वास ट्रम्पेटमध्ये सोडला. आणि त्या दिवशी पाचवा सूर लागला.

माणसं जिन्यावरून धावली. हेडक्लार्कनी शांततेसाठी दारावरच्या बेलमध्ये कापूस कोंबला होता, म्हणून तळमजल्यावरचे काका हातोडा घेऊन पुढे झाले. बायको या धडाक्याने दचकून उठली, चोर आले असं समजली आणि तिने गुडघ्यांचं दुखणं विसरून आतल्या खोलीच्या दाराला कपाट ओढून लावलं. (कलम तीन.) फाटकात स्कूटर आडव्या लावल्या होत्या, त्यामुळे बंबवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. (कलम चार.)

हेडक्लार्क न्हाणीघरातून बाहेर आले ते टॉवेल गुंडाळून, डोक्यावर साबणाचा फेस घेऊन आणि रागाने लालबुंद होऊन. दोन ते चारमध्ये ही हिंमत? ते गॅलरीच्या दाराशी पोचले, तोच कठड्याला टेकलेल्या शिडीवरून एक हेल्मेट वर आलं. हेल्मेटखाली अग्निशमन दलाचा जवान होता.

"आग कुठाय?" जवानाने विचारलं.

"शूऽऽ! हळू बोला. दोन ते चार शांतता आहे."

"काय?"

"शांतता!"

"आजोबा, आग कुठे लागलीय?"

"कसली आग?"

"मग पेशंट कोण आहे?"

"कुठला पेशंट?"

"तुम्ही कोण आहात?"

"मी हेडक्लार्क. नियम मीच केलाय."

जवानाने खाली वाकून ओरडून सांगितलं, "स्ट्रेचर आणा रे! पेशंट सापडला. भ्रमिष्ट झालाय!"

तेवढ्यात काकांच्या हातोड्याने कडी तुटली. डॉक्टर, वॉचमन, अध्यक्षबाई आणि निम्मी कॉलनी घरात शिरली. ओळखीचे आवाज ऐकून बायकोने कपाट सरकवलं (पुन्हा कलम तीन) आणि ती बाहेर आली. तिने टॉवेलमधला नवरा पाहिला, हेल्मेट पाहिलं आणि मग दोरीकडे पाहिलं.

"ते... ते कुणी वाळत घातलं?"

"मी. चहा सांडला होता गं. तुझ्यासाठीच करत होतो..."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. जवानाला बाजूला सारून तिने कठडा गाठला. समोर ताई वॉकरवर वाकून रडत होत्या.

"ताईऽऽ! मी बरी आहे गंऽऽ!"

हॉर्न थांबला. शिट्टी थांबली. डॉक्टरांनी ट्रम्पेट पाठीमागे लपवलं. अंगणात जमलेली सगळी माणसं माना वर करून उभी राहिली.

"खरंच बरी आहेस ना?" ताईंचा आवाज फाटला होता. "मला वाटलं गं, तू गेलीसच!"

"अगं नाही! गोळी घेऊन झोपले होते!"

"मग ते लाल?"

"ह्यांनी लावलं! ह्यांना काही माहीत नव्हतं!"

"मला खाली उतरता येईना गं! नुसती बघत राहिले मी!"

दोघी आपापल्या कठड्याला धरून रडायला लागल्या. मध्ये सबंध अंगण होतं. जवानाने हेल्मेट काढून काखेत धरलं. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला, आणि त्यांच्या ओठांवर बोट नव्हतं.

हेडक्लार्कना भडभडून आलं. आपण कलमं मोजली आणि माणूस मोजायचं राहून गेलं, असं त्यांना वाटलं. ते बायकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि जन्मात प्रथमच गॅलरीतून ओरडले.

"ताईऽऽ! उद्या दोन वाजता या! खुर्ची ओढत या! खुशाल आवाज करत या!"

आवाज पलीकडे पोचावा म्हणून त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले होते. अशा वेळी टॉवेल कोण धरणार, याचा विचार नियम करणाऱ्या माणसानेही केलेला नसतो. अग्निशमन दल तत्पर असतं असं नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी कॉलनीने ते डोळ्यांनी पाहिलं. जवानाने टॉवेल कंबरेखाली जाऊ दिला नाही.

संध्याकाळी तातडीची सभा भरली. अध्यक्षबाईंनी नियम वाचून दाखवला. पाचही कलमं एकाच दुपारी मोडली गेली होती, काही दोनदा. दोषी किती जण धरायचे, याची कुजबुज सुरू झाली, तेव्हा बाईंनी सहावं कलम वाचलं. आवाज कुणीही करो, ज्याच्या कृतीमुळे तो करावा लागला तोच दोषी. सभेने एकदम वळून हेडक्लार्ककडे पाहिलं.

"कलम फार चांगलं लिहिलंय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुठे पळवाटच नाही."

फळ्यावर लिहायला कॉलनीत सुंदर अक्षर एकाचंच होतं. त्यामुळे हेडक्लार्कनी आपलं नाव आपणच, वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं. हात झटकून ते सभेकडे वळले.

"माझी एक सूचना आहे. पाचवं कलम काढून टाकावं. मला ठाऊक आहे, त्या गप्पांचा तुम्हा सर्वांना त्रास होत असणार, पण—"

वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे हात वर गेले. वॉचमनचासुद्धा, त्याला मत नसताना. दातांच्या डॉक्टरांनी तर दोन्ही हात वर केले होते. माणुसकी अजून शिल्लक आहे, या विचाराने हेडक्लार्क सुखावले. सभा संपताना डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोन ते चार मी ट्रम्पेटला हात लावणार नाही. शब्द देतो."

"आणि मी खिळ्याला," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता समोरून खुर्ची ओढल्याचा खरखराट आला. बायको पदर-बिदर सावरल्यासारखा गाऊन सावरत गॅलरीत गेली. तिची पहिली हाक कानावर पडली मात्र, हेडक्लार्कच्या पापण्या जड झाल्या. डोक्यावर पंखा पुन्हा सुरू झाला होता. कित्येक दिवसांची राहिलेली झोप एकदम दाटून आली. खरोखर, सगळ्या कॉलनीत काय शांतता पसरली होती! खिळा नाही, हॉर्न नाही, की पोराचं रडणं नाही. नियम असा पाळला जाईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. समाधानाने त्यांनी कूस बदलली.

"ह्यांचं पोट कसं आहे गं आता?" ताईंची हाक आली.

"कालच्या धसक्याने साफ झालं बाई एकदाचं!"

हेडक्लार्कनी एक डोळा उघडला. अंगणात खाली कुणीतरी "चला, सुटले बिचारे!" म्हणालं. कुणीतरी खिडकी उघडली. कुणीतरी खुर्ची अलगद, जराही आवाज न करता, गॅलरीत आणून ठेवली. अध्यक्षबाई कुठल्याशा पोराला "शूऽऽ! गप्प बस, ऐकू येत नाहीये," म्हणत होत्या.

"अगं, आणि ते पालीला अजून घाबरतात का? मागे सांगत होतीस, त्याचं पुढे काय झालं?"

"थांब, सांगते! पण हळूच सांगते हं, आत झोपलेत ते."

बायकोने आवाज थोडा खाली आणला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून दातांच्या डॉक्टरांचा काकुळतीचा आवाज आला.

"वहिनी, जरा मोठ्याने बोला ना! वरती काही ऐकू येत नाही."